दुसरा अंतरा

"सव्वा मिनिट कमी पडतंय," काकडे म्हणाले. काकडे रेकॉर्डिस्ट होते आणि सकाळपासून ते 'ओके' आणि 'परत' या दोनच शब्दांवर दिवस चालवत होते.

"कशात?" धीरजने विचारलं.

"गाण्यात. मुखडा, म्युझिक, अंतरा, मुखडा, खलास. दोन मिनिटं दहा सेकंद. बी साइडच्या शेवटी कोरी पट्टी राहणार. कोरी पट्टी राहिली की गिऱ्हाईक कॅसेट परत आणतं. म्हणतं, खराब निघाली."

"मग सुरुवातीचं म्युझिक वाढवा की."

"वाढवलंय. आणखी वाढवलं तर लोक अक्षता शोधतील."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण शब्द हे माझं खातं होतं.

ही शहाण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. शनिवार होता, सकाळचे अकरा. पुण्यात एरंडवण्यातल्या एका तळघरात हा स्टुडिओ होता आणि आवाज घुमू नये म्हणून त्याच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकले होते. ही गोष्ट मी आईला सांगितली नव्हती. आम्ही नगरहून आलेले चौघे होतो आणि आमच्या ग्रुपचं नाव होतं 'झुळूक'. हे नाव आज कुणाला आठवत असेल तर ते पुढे तीन वर्षांनी गाजलेल्या आमच्या एका गाण्यामुळे. ते अजून वरातीत वाजतं आणि त्यावर नाचण्यासाठी शुद्ध हरपलेली असावी लागते. ते गाणं मीच लिहिलंय, त्यामुळे तक्रार करायला मला जागा नाही. पण मी सांगतोय ते आमच्या पहिल्या कॅसेटमधलं, बी साइडच्या तळाशी राहिलेलं गाणं. ते फार कुणाला माहीत नाही, आणि ते तसंच बरं आहे असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

धीरज मुनोत गायचा आणि गिटार वाजवायचा. कापड बाजारात त्यांचं दुकान होतं. गळ्याला मफलर गुंडाळून तो तासातासाला गुळण्या करायचा आणि गुळणी झाली की आम्हांला घसा दाखवायचा. समू, म्हणजे शमुवेल भिंगारदिवे, ऑक्टोपॅड वाजवायचा आणि सहसा बोलायचा नाही. त्याची मोठी बहीण एस्तेर मिशन हॉस्पिटलात नर्स होती, चर्चच्या गायकवृंदात वाढलेली. ती आमच्यात दुसरा आवाज द्यायची. धीरजचा सूर घसरून जिथे पडायचा तिथे एस्तेर आधीच जाऊन उभी असायची, त्यामुळे तो पडला हे कुणाला कळायचं नाही, धीरजला तर नाहीच. आणि मी, मुकुंद खरवंडीकर. मराठीचा एम.ए. कॉलेजात तासांवर शिकवायचो. ग्रुपमध्ये गाणी लिहायचो आणि कीबोर्ड वाजवायचो, म्हणजे कीबोर्ड ज्याचा होता तो मी होतो.

तीन वर्षं आमची प्रॅक्टिस भिंगारदिव्यांच्या घरी चालायची, मिशन कंपाउंडात. मंगळवारी आणि शनिवारी. सर, म्हणजे त्यांचे वडील, निवृत्त शिक्षक. ते कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसायचे आणि माझ्या विनोदांना कागदाआडून हसायचे. कागद हलायचा त्यावरून कळायचं.

"कवी, बारा वाजेपर्यंत होईल का?" धीरज म्हणाला. "मला चारच्या आत गायचंय. चारनंतर माझा खर्ज बसतो."

"तुझा खर्ज उठलेला मी अजून बघितला नाही," मी म्हटलं.

समू हसला. एस्तेर हसली नाही. आदल्या दिवसापासून ती माझ्या विनोदांना हसत नव्हती, आणि त्याला कारण होतं.

आदल्या दिवशी येताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती.  सुपं गाव मागे पडल्यावर म्हणाली, "विल्सनच्या घरच्यांना उद्या उत्तर द्यायचंय."

विल्सन पाटोळे मस्कतच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये होता. जानेवारीत रजेवर आला, चर्चमध्ये एस्तेरला गाताना ऐकलं, आणि आठवड्याच्या आत त्याच्या आईने भिंगारदिव्यांकडे येऊन सरळ विचारलं. त्यांच्यात लग्न ठरलं की तीन रविवार उपासनेच्या वेळी पाळकसाहेब ते सगळ्यांसमोर जाहीर करतात. कुणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून. विल्सनची रजा मार्चच्या मध्यावर संपत होती. उलटं मोजत आलं तर पहिला रविवार परवाचा.

"बाबा म्हणाले, तुझ्या मनाविरुद्ध काही करणार नाही," एस्तेर म्हणाली. "फक्त शनिवारी सहाच्या आत पुण्याहून फोन कर. हो म्हण नाहीतर नाही म्हण. सहानंतर ते पाळकसाहेबांकडे जाऊन नावं देणार."

"आणि तू काय म्हणणार?"

"तुला काय वाटतं?"

आता इथे एखाद्या माणसाने काय म्हणायला हवं होतं हे वाचणाऱ्याला कळतं. मलाही कळत होतं. मी म्हटलं, "मस्कतला मराठी कॅसेटा जातात का बघावं लागेल. तिथून एक तरी गिऱ्हाईक पक्कं."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. शिरूरला उतरून तिने एकटीने चहा घेतला.

तेव्हा शनिवारचा हिशोब माझ्यापुरता असा होता: सहाच्या आत मला एस्तेरला एक वाक्य सांगायचं होतं. तीन वर्षं ते तयार होतं. पण दर वेळी बाहेर पडता पडता त्याचा विनोद व्हायचा.

एक वाजेपर्यंत मी दुसऱ्या अंतऱ्याच्या नावाने अकरा कागद फाडले. गाणं एकटेपणाचं होतं. 'एकटे हे दार माझे, एकटी ही वाट रे' असा मुखडा होता. पहिल्या अंतऱ्यात मी सांजवात, पाचोळा, चांदणं आणि मुका पारवा एवढे सगळे वापरून बसलो होतो. दुसऱ्यासाठी काही शिल्लक राहिलं नव्हतं.

"मी लिहून बघू?" एस्तेर म्हणाली.

धीरजने गुळणी गिळली. "तू?"

"चर्चमध्ये आम्ही गीतांना कडवी जोडतो की. मापात बसवायचं असतं एवढंच."

"हे काय भजन आहे का?"

"लिहू दे की," समू म्हणाला. दिवसातलं त्याचं पहिलं वाक्य.

ती पर्स घेऊन जिन्यात जाऊन बसली. वीसेक मिनिटांनी आली आणि हॉस्पिटलच्या केसपेपरच्या मागे लिहिलेलं चार घड्यांचं काहीतरी माझ्या हातात दिलं. धीरजने हात पुढे केला होता, त्याला दिलं नाही.

"वाच," ती म्हणाली. "घाई करू नकोस. नीट वाच."

मी नीट वाचलं. पेन हातात धरून वाचलं, हेच चुकलं. त्या चार ओळी मला आजही तिच्या अक्षरासकट पाठ आहेत:

येतो, काढतो चपला आपल्या तोंड करून दाराकडे,
बसतो तास, दीड तास, बघत नाही माझ्याकडे;
हसवतो साऱ्या घराला, मीही हसते सगळ्यांत,
धुते मग मी कप सगळे, त्याचा राहतो मोरीत.

मी पहिल्यांदा मात्रा मोजल्या. पहिल्या ओळीत सहा जास्त होत्या. मग 'सगळ्यांत' आणि 'मोरीत' यांचं यमक तपासलं, ते कच्चं होतं. मग मी एकूण आशयाकडे वळलो. एखाद्या बाईच्या एकतर्फी प्रेमाची कल्पना ठीक आहे, असं मत बनवलं. कुठली बाई, असा प्रश्न मला पडला नाही. कवितेतली बाई ही कवितेतच राहते, असं आम्हांला एम.ए.ला शिकवलं होतं.

"छान आहे," मी म्हटलं. वर्गात मुलं निबंध दाखवतात तेव्हा मी जसं म्हणायचो तसं.

"छान आहे म्हणजे?"

"म्हणजे भावना आहे. पण एस्तेर, मोरी? विरहाच्या गाण्यात मोरी येत नाही. चपला तर नाहीच. लोक डोळे मिटून ऐकणार आणि त्यांच्या डोळ्यांपुढे चपला."

धीरज हसला. "आणि उष्टा कप," तो म्हणाला. "त्यापेक्षा बादली घाल."

"मी थोडं सारखं करतो," मी म्हटलं. "कल्पना तुझीच राहील."

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मी तिथेच, तिच्यासमोर, तिच्याच कागदावर सुरुवात केली. आधी चपला काढल्या. मग दाराकडे तोंड काढलं, कारण दार मुखड्यात आलेलं होतं. मग दीड तास. मग सगळं घर. शेवटी कपावर काट मारली. दहा मिनिटांत मी स्वच्छ अक्षरात खाली लिहिलं:

दूर त्या काठावरी ही नाव माझी एकली,
लाट येई, लाट जाई, सांज ओली झाकली...

आणखी दोन ओळी होत्या, त्यात वल्हं होतं. नगरपासून समुद्र अडीचशे किलोमीटर आहे. नाव मी भंडारदऱ्याला बघितलेली, आणि ती तासाच्या बोलीवर मिळायची. पण मात्रा बरोबर होत्या.

"सगळंच काढलंस," एस्तेर म्हणाली.

"भाव तोच ठेवलाय. फक्त सामान बदललं."

"कपसुद्धा?"

"कप तर सगळ्यात आधी काढायला हवा होता."

"तुला हे नको आहे."

"गाण्याला नको आहे."

"नीट वाचलंस ना पण?"

"तीनदा," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"बरं," ती म्हणाली.

काकडे काचेपलीकडून बाहेर आले होते. त्यांनी कागद उचलून वरचं काट मारलेलं आणि खालचं स्वच्छ, दोन्ही वाचलं. "आधीचं का काढलं?"

"त्यात मोरी होती," धीरज म्हणाला.

"मोरी सगळ्यांच्याच घरी असते, साहेब," काकडे म्हणाले आणि आत गेले.

आमच्याकडे पद्धत अशी होती की नवीन गाणं आधी एस्तेर गायची. त्याला डमी म्हणायचे. तिचा सूर पक्का, म्हणून तिच्या आवाजावर धीरजने शिकायचं, मग त्याने गायचं आणि तिचा आवाज पुसून टाकायचा. तीनला ती माइकपुढे उभी राहिली आणि माझी नाव, माझी लाट, माझं वल्हं तिने एका दमात, एकही चूक न करता गायली. मी बाहेर खुर्चीवर बसून मान डोलावत होतो. मला वाटलं, ती आज फार सुंदर गातेय. आणि हेही वाटलं की माझ्या ओळी तिच्या आवाजात शोभतायत.

अलीकडे कुणीतरी ते गाणं इंटरनेटवर चढवलंय. खाली अकरा जणांनी मतं लिहिली आहेत. एकाने म्हटलंय की त्या एकट्या होडीचं चित्र त्याला रात्र रात्र झोपू देत नाही. मी त्याला उत्तर दिलं नाही.

साडेचारला धीरजचं गाणं सुरू झालं. धीरज 'नाव' या शब्दावर येऊन बसला तो उठेना. वरचा सूर त्याला लागत नव्हता आणि तो दोष मात्र माझ्या शब्दाला देत होता.

"कवी, 'नाव' काढ की. 'होडी' कर."

"होडीला एक मात्रा जास्त लागते."

"मग मात्रा काढ."

"परत," काकडे म्हणाले.

एस्तेर सोफ्यावर घड्याळाकडे बघत बसली होती. सव्वापाच झाले. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात वाक्य जुळवलं. या वेळी कर्ता, कर्म, क्रियापद, बस. साधं. उठून तिच्याजवळ जायचं आणि म्हणायचं, जरा वर चल, बोलायचंय.

मी उठलो.

"ए कवी, कुठे चालला? 'ओली' नंतर श्वास घेऊ की 'झाकली' नंतर?"

"झाकली नंतर."

"मग 'सांज ओली झाकली' हे सगळं एका दमात? मेलो ना मी. ये इकडे, कागदावर खूण करून दे."

मी आत गेलो आणि माझ्याच ओळीत श्वासाच्या खुणा करायला बसलो. त्याला 'एकली'चा अर्थ हवा होता, तो सांगितला. 'झाकली' म्हणजे कुणी झाकली, असं त्याने विचारलं. मला सांगता आलं नाही. बाहेर आलो तेव्हा सोफा रिकामा होता.

"ताई वर गेली. फोन करायला," समू म्हणाला.

मी जिना दोन दोन पायऱ्यांनी चढलो. गल्लीच्या पलीकडे एसटीडीचा बूथ होता. काचेआड एस्तेर रिसीव्हर कानाला लावून उभी होती. पाठमोरी. पावणेसहा झाले होते. मी गल्ली ओलांडायला पाऊल टाकलं तेवढ्यात तिने रिसीव्हर खाली ठेवला. गल्ली चार पावलांची होती. एवढ्या अंतरासाठी माणसाला एरवी विचार करावा लागत नाही.

ती बाहेर आली. मला बघून थांबली.

"झालं?" मी विचारलं.

"हो."

"हो म्हणजे झालं, की हो म्हणजे हो?"

"हो म्हणजे हो. हो सांगितलं मी."

"अभिनंदन," मी म्हटलं. आणि मग, माझ्याच कानांवर माझा विश्वास बसत नव्हता तरी, पुढचं म्हटलं. "मस्कतला समुद्रही आहे."

ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. मग स्टुडिओच्या पायरीवर बसली. मी पलीकडे उभा.

"एक विचारू? तू आमच्या घरी चपला अशा का काढतोस रे?"

"कशा?"

"उलट्या. बाहेर तोंड करून. सगळे येतात तसे आत येऊन काढतात. तू काढतोस, मग वळतोस, वाकतोस, हाताने फिरवून ठेवतोस. तीन वर्षं बघतेय. बाबांना विचारलं होतं मी. बाबा म्हणाले, खरवंडीकरांचं पोरगं आहे, आपल्या घरात बसतं हेच खूप, पळायची तयारी तरी ठेवू दे की त्याला."

 खरं कारण फार फुटकळ होतं. माझे वडील शाळेत एनसीसी घ्यायचे, आमच्या घरी चपला तशाच ठेवायची शिस्त होती. मला ते कुणी विचारलं नव्हतं आणि मी कधी त्याचा विचार केला नव्हता. पण त्या गल्लीत उभा असताना मला शिस्त आठवत नव्हती. मला ओळी आठवत होत्या. सहा मात्रा जास्त असलेली पहिली ओळ. तास, दीड तास. हसवतो साऱ्या घराला. प्रत्येक शब्दावर माझ्या पेनाची काट होती आणि त्या रेघेखाली मी होतो.

"मला वाईट नाही वाटलं," एस्तेर म्हणाली. "खरंच नाही. मला वाटलं होतं तू हसशील, किंवा काहीतरी विनोद करून उडवून लावशील, समूसमोर, धीरजसमोर. तसं नाही केलंस. समोर बसून, शांतपणे एकेक शब्द काढलास. चपला काढल्यास, घर काढलंस, कप काढलास. म्हटलं, शिकलेला माणूस नाही म्हणतो तो असा म्हणतो. न दुखवता."

बूथवाला काच पुसत होता. धीरजचा आवाज तळघरातून वर येत होता, 'नाव माझी', आणि घसरत होता.

"फक्त एवढं सांग," ती म्हणाली. आता ती माझ्याकडे बघत नव्हती, पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. "तुला कळलं होतं ना? मी तुझ्याबद्दल लिहिलंय हे? कळलं नसेल तर तसं सांग. बाबा अजून घरीच आहेत, सहाला निघणार. मी परत फोन करू शकते."

त्या वेळी माझ्यापुढे दोन रस्ते होते. कळलं होतं म्हणालो तर मी निष्ठुर ठरत होतो. नव्हतं कळलं म्हणालो तर मूर्ख. चार ओळींत मला ओळखू येईल असा माझा चेहरा काढून एका नर्सने माझ्या हातात दिला, आणि मी, मराठीचा एम.ए., त्याच्या मात्रा मोजत बसलो, हे मला तिच्यापुढे कबूल करावं लागलं असतं. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत होतो की मी आईचा विचार केला. आई नाताळात भिंगारदिव्यांकडून आलेल्या केकला, त्यात अंडं नाही ना असं विचारून मगच हात लावायची. तो विचार आलाही. पण तो नंतर आला. लाज आधी उठून बोलली आणि भीतीने तिला अनुमोदन दिलं, इतकंच.

"कळलं होतं," मी म्हटलं.

एस्तेरने मान हलवली. पट्टा बोटावरून सोडला.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "मला तेवढंच हवं होतं. कळलंच नसतं तर फार वाईट वाटलं असतं."

ती उठली, साडीच्या मागची धूळ झटकली आणि पायऱ्या उतरायला लागली. दोन पायऱ्या गेल्यावर थांबली. "चल ना. धीरज तुझ्या नावाने ओरडतोय."

सहा वाजले तेव्हा मी तळघरात होतो. घड्याळ भिंतीवर अंड्यांच्या ट्रेमध्ये खाच करून बसवलं होतं आणि त्याचा काटा पुढे गेलेला मी बघितला. समू ऑक्टोपॅडच्या वायरी गुंडाळत होता. धीरजचं गाणं कसंबसं संपलं होतं. त्याने मफलर सोडून मला घसा दाखवला. मी बघितला.

"मॅडम, तुमचा मागचा आवाज राहिलाय," काकडे म्हणाले. "दुसऱ्या अंतऱ्यामागे. नुसता आकार, शब्द नाहीत. सव्वा मिनिट."

"आज नको," मी म्हटलं. "तिला बरं नाहीये."

"मला काय झालंय?" एस्तेर म्हणाली.

ती आत गेली आणि तिने हेडफोन लावला. मी काचेच्या या बाजूला काकड्यांच्या मागे उभा राहिलो. टेप फिरायला लागली. धीरजचं गाणं तिच्या कानात वाजत होतं, तिचा आवाज काकड्यांच्या हेडफोनमध्ये, मला इकडे तिचे फक्त ओठ दिसत होते. डोळे तिने मिटले होते. एकदाच हात वर करून तिने हेडफोन कानावर घट्ट दाबला, आणि तो तसाच धरून ठेवला.

"ओके," काकडे म्हणाले. पहिल्याच वेळेला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, एकदा ऐकून घ्या. उद्या म्हणाल ते वेगळं हवं होतं."

त्यांनी टेप मागे घेतली. धीरजचा आवाज बंद केला, माझा कीबोर्ड बंद केला, समूचा ठेका बंद केला आणि तिची एकटीची पट्टी लावली.

सव्वा मिनिट मी ते ऐकलं. त्यात एकही शब्द नव्हता. माझी नाव नव्हती, तिचा कप नव्हता. खालच्या सुरावरून ती हळूहळू वर चढत होती आणि वर पोचली की तिथे थांबत होती, कुणीतरी येईल म्हणून थांबावं तशी, आणि मग आवाज न करता खाली उतरत होती. शेवटच्या सुरानंतर तिने श्वास सोडला तोही टेपवर आला होता. त्यानंतर नुसती टेप फिरल्याचा आवाज.

काचेपलीकडे एस्तेर हेडफोन हातात घेऊन उभी होती. आमचं बोलणं तिला ऐकू जात नव्हतं. ठीक आहे का, असं तिने भुवया उंचावून विचारलं.

"काही बदल, साहेब?" काकडे म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "असंच असू द्या."